'ढ' ठरविणारे कोण? : डहाणू-तलासरीतील बालमनाचा अभ्यास

मराठी शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणण्याची रीत जुनी आहे. या शब्दाची एक व्युत्पत्ती सांगितली जाते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी 'ढ' आणि आजचा देवनागरी 'ढ' यांच्या वळणात फारसा फरक पडलेला नाही. इतर अक्षरे बदलत गेली, हे एक जागचे हलले नाही, म्हणून पुढे न सरकणारा तो 'ढ'. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, ज्यांच्या घराण्यात पहिल्यांदाच कोणी पाटीला हात लावला त्यांच्या वाट्याला हे अक्षर अधिक आले, हे आपल्या समाजातील जुन्या पिढीला वेगळे सांगावे लागणार नाही. गुरुजी ओट्यावर आणि आपला मुलगा ओट्याखाली, अशा अंतरावरून ज्याने धडा ऐकला त्याला तो नीट ऐकू आला का, हा प्रश्न विचारण्यापूर्वीच निकाल लागलेला असे.

पालि साहित्यात अशा एका 'ढ' भिक्खूची कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीची कन्या घरातील दासाबरोबर पळून गेली. त्यांना वाटेत, म्हणजे पंथावर, दोन मुलगे झाले. थोरला महापंथक, धाकटा चूळपंथक. थोरला संघात गेला, त्याने धाकट्यालाही आणले. परंतु चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. भावाने त्याला विहार सोडून घरी जाण्यास सांगितले. जीवकाच्या आम्रवनातील भोजनाचे निमंत्रण आले तेव्हा भिक्खूंच्या गणतीतही त्याला धरले नाही. तथागतांनी मात्र त्याला थांबविले आणि त्याच्या हातात एक स्वच्छ वस्त्रखंड दिले. सूर्याकडे तोंड करून बसावे, वस्त्र हाताने चोळीत राहावे आणि 'रजोहरणं' एवढेच म्हणावे. वस्त्र मळत गेले, आणि मळत चाललेल्या वस्त्राकडे पाहत असता त्याला अनित्यतेचा बोध झाला. कथेत पुढे चमत्काराचा भाग आहे, तो आम्ही बाजूला ठेवतो. उरतो तो भाग असा : जो पाठांतराने शिकत नव्हता तो हाताने आणि डोळ्यांनी शिकला. शिष्य तोच होता, शिकविण्याची रीत बदलली.

अट्ठकथाकारांना एवढ्यावर समाधान वाटले नाही. चूळपंथकाच्या मंदपणाचे कारण त्यांनी पूर्वजन्मात शोधले. मागील एका जन्मी त्याने दुसऱ्या मंद भिक्खूची थट्टा केली होती, त्याचे हे फळ, असे त्यांनी सांगितले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त बुद्धाच्या शिकवणीशी विसंगत ठरविला. त्याचे कारण वाचकांना ठाऊक आहे. दारिद्र्याचे आणि हीनत्वाचे मूळ पूर्वकर्मात आहे असे एकदा मानले की समाजाला जाब विचारण्याचे कारण उरत नाही. विसाव्या शतकात हाच युक्तिवाद वेगळ्या वेषात परत आला. बुद्धी उपजत असते, ती रक्तातून येते, आणि ती मोजता येते, हे त्याचे नवे रूप. त्याची छाया महाराष्ट्रातील मुलांवर कशी पडली, आणि डहाणू-तलासरीच्या डोंगराळ पट्ट्यात केलेल्या एका दीर्घ अभ्यासाने त्याला कोणते उत्तर दिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम मोजमापाची परंपरा पाहू. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे साहाय्य देता यावे हा तिचा हेतू होता. बुद्धी म्हणजे कायमची ठरलेली राशी होय, ही समजूत स्वतः बिने यांना मान्य नव्हती आणि १९०९ मध्ये त्यांनी तसे लिहिलेही. परंतु १९११ साली ते निवर्तले आणि त्यांचे साधन अटलांटिकपार गेले. अमेरिकेत गॉडार्ड यांनी याच श्रेणीच्या आधारे न्यू यॉर्कच्या बंदरात उतरणाऱ्या गरीब स्थलांतरितांना मंदबुद्धी ठरविले. जहाजातून नुकत्याच उतरलेल्या, भाषा न समजणाऱ्या माणसाला दुभाष्यामार्फत प्रश्न विचारावयाचे आणि उत्तर आले नाही की बुद्धी नाही असे लिहावयाचे, यास शास्त्र म्हटले गेले.

आपल्याकडे ही श्रेणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी आणली. त्यांनी धारवाड भागातील एक हजाराहून अधिक मुलांवर चाचण्या घेऊन तिचे कन्नड व मराठी रूपांतर केले. १९३४ साली त्याचा वृत्तान्त इंग्लंडमधील शिक्षणमानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि १९४० साली ऑक्सफर्डने त्यांचा ग्रंथ काढला. 'बिने-कामत चाचणी' या नावाने ती देशभर रूढ झाली. तिची रीत थोडक्यात अशी : प्रत्येक वयासाठी प्रश्नांचा एक संच असतो. मूल ज्या वयापर्यंतचे प्रश्न सोडवील ते त्याचे मानसिक वय. त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की बुद्ध्यंक येतो. आठ वर्षांच्या मुलाने सहा वर्षांपर्यंतचेच प्रश्न सोडविले तर बुद्ध्यंक ७५.

दुसरे नाव डॉ. ए. जे. मालिन यांचे. आमच्या वाचकांना नागपूर दीक्षाभूमीमुळे वंदनीय आहे. त्याच नागपुरातील चाइल्ड गायडन्स सेंटरमध्ये या चिकित्सक मानसशास्त्रज्ञाने केलेले कार्य मात्र फारसे परिचित नाही. न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील डेव्हिड वेक्स्लर यांनी १९४९ साली मुलांसाठी जी चाचणी केली तिचे मालिन यांनी भारतीय रूपांतर केले. ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी असलेली ही चाचणी १९६९ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचे दोन विभाग आहेत, एक शाब्दिक आणि एक कृतीचा. शाब्दिक विभागात माहिती, आकलन, अंकगणित, साम्य, शब्दसंग्रह इत्यादी येतात. कृतीच्या विभागात अपुरे चित्र ओळखणे, ठोकळ्यांची नक्षी जुळविणे, तुकडे जोडून वस्तू करणे, चक्रव्यूहातून वाट काढणे अशी कामे असतात. ज्याची जीभ वळत नाही त्याचे हात काही सांगू शकतील, ही वेक्स्लर यांची दृष्टी तीत आहे, आणि ती मोलाची आहे.

मालिन यांचे दुसरे काम आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. एडगर डॉल यांनी १९३५ साली न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथे 'सामाजिक परिपक्वता' मोजणारी श्रेणी रचली होती. तिच्यात मुलाला प्रश्न विचारीत नाहीत. मूल रोजच्या जीवनात काय काय करते, हे त्याला जवळून ओळखणाऱ्यास विचारतात. स्वतः जेवते का, कपडे घालते का, एकटे गावात जाऊन येते का, पैशाचा व्यवहार करते का, अशी तिची ११७ कलमे आहेत. मूळ श्रेणीत जेवणाच्या टेबलावरची सुरी चालविणे, टेलिफोन करणे अशीही कलमे होती. ज्या घरात टेबलच नाही त्या घरातील मुलाचे काय करावयाचे? नागपूर रूपांतराची गरज अशा प्रश्नांतून निर्माण झाली.

या दोन संशोधकांचा प्रभाव केवळ ग्रंथालयापुरता राहिलेला नाही. आजही बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र देताना कामत आणि मालिन यांच्या श्रेणी देशभर वापरल्या जातात. एखाद्या मुलास मिळणारी सवलत, निवृत्तिवेतन, विशेष शाळेतील प्रवेश त्यांच्या आकड्यांवर ठरतो. ज्या मुलास खरोखरच साहाय्य हवे त्याच्यासाठी हे उपकारक आहे, हे आम्ही निःसंकोचपणे नमूद करतो. प्रश्न आहे तो सीमेवरच्या मुलाचा. ज्याची घरची बोली चाचणीच्या भाषेहून वेगळी, ज्याने चित्राचे पुस्तक पाहिलेले नाही, ज्याच्याशी परक्या माणसाने यापूर्वी दटावण्यापलीकडे काही बोललेले नाही, त्याच्या मौनाला किती गुण द्यावयाचे?

हा प्रश्न अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या संदर्भात उभा राहिला आणि त्याचे उत्तर बाबासाहेब जेथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठातून आले, याची नोंद करणे उचित होईल. तेथील ऑटो क्लाइनबर्ग यांनी १९३५ साली दाखवून दिले की दक्षिणेतून न्यू यॉर्कला आलेल्या कृष्णवर्णीय मुलांचा बुद्ध्यंक त्या शहरात राहण्याची वर्षे वाढतात तसा वाढत जातो. रक्त तेच, शाळा बदलली. त्याच विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविलेल्या केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय दाम्पत्याने बाहुल्यांच्या साहाय्याने मुलांच्या मनातील न्यूनगंडाचा अभ्यास केला, आणि १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या तळटिपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख झाला. मानसशास्त्रज्ञाचे संशोधन कोणाच्या बाजूने उभे राहते यावर त्याचा इतिहासातील प्रभाव ठरतो, याचे हे मोठे उदाहरण आहे.

आता आपण सह्याद्रीच्या उताराकडे वळू. डहाणू आणि तलासरी हे तालुके आज पालघर जिल्ह्यात आहेत. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्यापूर्वी हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी या जमातींची ही भूमी. येथील शिक्षणाचा विचार करताना एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. मुंबई इलाख्यातील अस्पृश्य व आदिम जमातींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९२८ साली सरकारने स्टार्ट समिती नेमली, तिचे बाबासाहेब सदस्य होते. १९३० साली आलेल्या तिच्या अहवालात दोन्ही समाजांचा विचार एकत्र झालेला आहे. पुढे १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने विधिमंडळात निवडून आलेले शामराव परुळेकर १० जानेवारी १९३८ च्या शेतकरी मोर्चात बाबासाहेबांबरोबर होते. हेच शामराव पुढे कम्युनिस्ट झाले आणि गोदावरी परुळेकरांसह वारल्यांच्या लढ्यात उतरले.

वारली मुलाचे बालपण त्या काळी कसे होते? लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून काढलेल्या कर्जापोटी नवराबायको आयुष्यभर त्याच्याकडे राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. त्यांच्या मुलांचा जन्मच मालकाच्या वाडीत होई. मूल चालू लागले की धाकट्या भावंडाला कडेवर घेई, आणखी थोडे वाढले की गुरांमागे जाई. आईबाप वेठीवर किंवा गवतकापणीवर जात. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी या गावी वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठ नाकारण्याचा निश्चय झाला. त्या वर्षीच्या गवतकापणीत ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरी द्यावी या मागणीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्याची कहाणी गोदावरीबाईंनी १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिली.

याच १९४५ साली ८ जुलै रोजी बाबासाहेबांनी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. आणि याच वर्षी डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आल्या. झरी, मुंबई आणि बोर्डी येथील या प्रारंभांत परस्पर संबंध नव्हता. तरीही हे वर्ष एक असणे आम्हांस अर्थपूर्ण वाटते, कारण तिन्ही ठिकाणी ज्यांना 'ढ' ठरविले होते त्यांच्याविषयी नवा प्रश्न विचारला जात होता.

ताराबाई (१८९२-१९७३) मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. तेथे त्यांचा परिचय माँटेसरी पद्धतीशी झाला. ही पद्धत मुळात दवाखान्यातून निघाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मारिया माँटेसरी वैद्यकीच्या पदवीधर. रोम विद्यापीठाच्या मनोरुग्णचिकित्सालयात काम करीत असता वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली मंदबुद्धी मुले त्यांनी पाहिली. इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या मागाने जाऊन त्यांनी या मुलांना हाताळण्याच्या वस्तू दिल्या, इंद्रियांच्या द्वारे शिकविले, आणि ती मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षा देऊ लागली. तेव्हा त्यांना प्रश्न पडला तो असा की, ही मुले इतकी पुढे येतात तर निरोगी मुले शाळेत इतकी मागे का राहतात? चूळपंथकाच्या हातातील वस्त्रखंड ज्यांच्या स्मरणात असेल त्यांना यात अपरिचित काही वाटणार नाही. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असे मात्र कोणी समजू नये.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' चालविली आणि पुढे मुंबईत दादरला शिशुविहार काढला. येथवरचे काम शहरातील मध्यमवर्गीय मुलांसाठी होते. साधने महाग, खुर्च्या छोट्या, मुले न्हाऊमाखू घालून आणलेली. बोर्डीस आल्यावर हे सर्व निरुपयोगी ठरले. बालवाडी उघडली तर ज्यांच्यासाठी ती उघडली ती मुले येईनात. सहायिका अनुताई (१९१०-१९९२) बालविधवा होत्या. लग्नानंतर काही महिन्यांतच, तेराव्या वर्षी, वैधव्य आले. शिक्षिका होऊन त्यांनी पुण्यात नोकरी केली, रात्रशाळेतून मॅट्रिक केले. पदवी मिळविली ती १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी. शिकण्याचे वय ठरलेले नसते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मुले येत नाहीत याचे कारण गावात एकच सांगितले जात होते : या जातींना शिक्षणाची आवडच नाही, त्यांची बुद्धीच तेवढी. ताराबाई-अनुताईंनी हे कारण गृहीत धरले नाही, त्यांनी ते तपासले. आमच्या मते संशोधन येथून सुरू होते. त्या वस्त्यांवर गेल्या आणि मूल दिवसभर काय करते ते पाहिले. मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर भाऊ आहे. मग भावासकट तिला येऊ द्यावे, म्हणून शाळेला जोडून पाळणाघर निघाले. मुलगा येत नाही, कारण गुरे त्याच्या ताब्यात आहेत. मग शिक्षकाने गुरांमागे कुरणात जावे, म्हणून कुरणशाळा निघाली. लहानगे घरापासून दूर येण्यास बिचकते, मग बालवाडीनेच त्याच्या अंगणात जावे. दलित व आदिवासी वस्त्यांतील झाडाखाली, ओट्यावर, अंगणात बाई जाऊन बसू लागल्या. तिचे नाव पडले अंगणवाडी. प्रत्येक वेळी अडथळा मुलाच्या डोक्यात आहे असे न मानता शाळेच्या रचनेत शोधला गेला, आणि तेथे तो सापडला.

१९५७ साली हे केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्यभागी गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेल्या तेथील रचनेस 'विकासवाडी' म्हणत. माँटेसरीची आयात केलेली साधने बाजूला पडली. शिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे, मातीचे गोळे ही साधने झाली. शिक्षिकांनी वारली बोली शिकून घेतली. हे वाक्य वाचण्यास सोपे आहे, पण त्याचा अर्थ फार मोठा आहे. चाचणीत मुलाने परीक्षकाच्या भाषेत यावे लागते, येथे परीक्षक मुलाच्या भाषेत गेला. आणि जे मूल शाळेत गप्प होते ते झाडांची नावे, पाखरांचे आवाज, पावसाची चिन्हे, गुरांच्या खोडी सांगू लागले. डॉल यांची सामाजिक परिपक्वतेची कसोटी प्रामाणिकपणे लावली, तर गुरे आणि भावंडे दोन्ही सांभाळणारे सात वर्षांचे वारली मूल शहरातील त्याच वयाच्या मुलाच्या पुढे जाईल, अशी आमची धारणा आहे. मापण्याचे साधन कोणते घ्यावे, हा निर्णयच निम्मा निकाल ठरवितो.

या कार्याचा प्रभाव कसा पसरला, ते आता पाहू. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. परंतु खरा प्रभाव एका शब्दाच्या रूपाने गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राचे नाव अंगणवाडी ठेवले. आज देशात तेरा-चौदा लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या वस्तीत जन्मलेला शब्द आसाम ते केरळ सर्वत्र बोलला जातो.

शब्द गेला, त्यामागचा निष्कर्ष किती गेला? योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी यांस योग्यच महत्त्व मिळाले. कुपोषित मुलासमोर शिंपले मांडून उपयोग नाही. पण पूर्वप्राथमिक शिक्षण हे सहा सेवांतील एक कलम होऊन राहिले, आणि वजनाची नोंद व आहाराचा हिशेब यांतच सेविकेचा बराच वेळ जाऊ लागला. मुलाच्या बोलीत जाणे, त्याच्या दिनक्रमाप्रमाणे शाळेची वेळ ठरविणे, अडथळा रचनेत शोधणे हे सरकारी परिपत्रकात मावणारे नव्हते. यासाठी सेविकांना दोष देणे अन्यायाचे होईल. अल्प मानधनावर त्या जे करतात ते थोडे नाही.

विद्वत्तेच्या जगातील प्रभावाविषयी मात्र आमची तक्रार आहे. कामत यांचा लेख इंग्रजी नियतकालिकात आला, त्यामुळे तो संशोधन ठरला. मालिन यांची चाचणी आकडे देते, म्हणून ती शास्त्र ठरली. कोसबाडच्या टेकडीवर पस्तीसहून अधिक वर्षे मुलांचे जे निरीक्षण झाले, ते मराठीत, गोष्टीच्या रूपाने, 'कोसबाडच्या टेकडीवरून' सारख्या आत्मकथनात लिहिले गेले, आणि त्याची गणना समाजसेवेत झाली. दोन बायका आदिवासी मुलांना आंघोळ घालतात, एवढेच चित्र पाठ्यपुस्तकांत उरले. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात ज्या विद्यार्थ्यास बिने-कामत शिकवितात त्यास कुरणशाळाही शिकवावयास हवी होती. कारण पहिल्याने मुलाचे स्थान ठरते, आणि ते स्थान तसे का आले हे दुसरीने कळते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. या दोघी उच्चवर्णीय कुटुंबांतून आलेल्या होत्या. त्यांच्या कार्याच्या भाषेत 'संस्कार' हा शब्द वारंवार येतो. स्वच्छतेचे, शिस्तीचे, गाण्यांचे संस्कार. ज्याच्या पाड्यावर उन्हाळ्यात पिण्यास पाणी नाही त्याच्या अस्वच्छतेला संस्काराचा अभाव म्हणणे हा दृष्टिदोष आहे, आणि त्यातून ते कार्य सर्वस्वी मुक्त होते असे आम्ही म्हणणार नाही. जमिनीच्या मालकीचा प्रश्नही त्यांनी हाती घेतला नाही, तो झरीच्या सभेने घेतला. लग्नगड्याची सुटका झाल्याखेरीज त्याच्या मुलाची पाटी टिकत नाही. म्हणून कोसबाडचा इतिहास लिहिताना झरी आणि तलवाडा वगळून चालणार नाही. इतके सांगूनही आम्ही त्यांच्या पद्धतीला मोठी मानतो, कारण गृहीतक तपासल्याशिवाय स्वीकारावयाचे नाही, हा नियम त्यांनी त्या मुलांच्या बाबतीत पाळला ज्यांच्या बाबतीत तो पाळण्याची कोणालाही गरज वाटत नव्हती.

आपल्या विहारांतून रविवारी मुलांचे धम्मवर्ग भरतात. तेथेही पाठांतराची स्पर्धा असते. ज्याला गाथा खाडखाड म्हणता येतात त्याला वही-पेन्सिल मिळते, जो मागच्या रांगेत गप्प बसतो त्याच्याकडे पाहण्यास वेळ नसतो. आपणही कधीकधी महापंथकाची भूमिका करीत असतो, हे येथे कबूल करावे लागते.

तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे १९३४ च्या सुमारास एका वारली कुटुंबात जिव्या सोमा मशे यांचा जन्म झाला. सात वर्षांचे असता त्यांची आई वारली. त्या आघाताने मुलाचे बोलणे बंद झाले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी जे सांगावयाचे ते धुळीत चित्रे काढून सांगितले. त्या वर्षांत कोणी त्यांच्यापुढे बुद्धिमापनाचा शाब्दिक विभाग ठेवला असता तर माहिती, आकलन, शब्दसंग्रह हे तिन्ही रकाने कोरे राहिले असते. पुढे ते डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात राहावयास गेले. लग्नाच्या चौकासारखी विधीची चित्रे तोवर बायका काढीत, मशे रोज काढू लागले. मासे धरण्याचे जाळे, मुंग्यांची वारुळे, आगगाडी, भातलावणी हे सर्व त्यांच्या चित्रांत आले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची मुले आणि त्यांच्याकडून शिकलेले अनेक तरुण आजही डहाणूच्या पाड्यांवर शेणाने सारवलेल्या पृष्ठभागावर तांदळाच्या पांढऱ्या रंगाने चित्रे काढतात.